गाणं बारीक, व्हॉट्सॲपची घंटी तशीच: निरसीएमडी वापरून पाहिल्यावर

आमचं चादरी-टॉवेलचं दुकान सोलापूरच्या चाटी गल्लीत. काउंटरवर एकच कॉम्प्युटर आणि त्याला दोन स्पीकर. त्याच स्पीकरमधून क्रोमवर लावलेले सकाळचे अभंग, दुपारची जुनी हिंदी गाणी आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे व्हॉट्सॲप कॉल, सगळं येतं. दुकानाच्या नंबरचा मोबाइल आत गोदामात चार्जिंगला पडलेला असतो, त्यामुळे भरवसा त्या स्पीकरवरच.

"मालक, जरा बारीक करा की वो," असं गिऱ्हाईक म्हणालं की मी कीबोर्डवरचं आवाजाचं बटण दाबायचो. गाणं बारीक व्हायचं, पण त्याबरोबर व्हॉट्सॲपची घंटीही. गड्ड्याच्या जत्रेआधीच्या आठवड्यात लातूरच्या एका व्यापाऱ्याचे तीन कॉल असेच गेले. चौथा त्यांनी माझ्या स्वतःच्या नंबरवर लावला. "दुकान बंद केलंत का काय?" चाळीस डझन टॉवेलांची ऑर्डर मिळाली, पण बोलणी खाऊन.

विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा ठेवायची सोय २००७ च्या व्हिस्टापासून आहे, व्हॉल्यूम मिक्सर म्हणतात त्याला. पण त्यासाठी कोपऱ्यातल्या स्पीकरवर उजवी क्लिक करा, मिक्सर उघडा, क्रोमची पट्टी शोधा. समोर बाई दोन जेकार्ड चादरी उलगडून "यातली रंग न जाणारी कुठली?" म्हणून उभ्या असताना हे कोण करणार?

डिप्लोमाला असलेल्या भाच्यानं निरसीएमडी आणून दिलं, विंडोजची कामं लिहिलेल्या हुकमानं करणारा छोटा प्रोग्राम. निरसॉफ्टचं आहे, फुकट आहे, आणि इन्स्टॉल करायचं काही नाही. झिप उघडायची, फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायची, झालं. उघडून बघायला जाल तर फसाल, त्याला पट्ट्या-बटणं काही नाहीत. त्याला हुकूम लिहून द्यावा लागतो. डेस्कटॉपवर नवीन शॉर्टकट बनवायचा, त्यात निरसीएमडीचा पत्ता लिहायचा आणि त्यापुढे इंग्रजीत तीन गोष्टी: चेंजॲपव्हॉल्यूम, क्रोम डॉट ईएक्सई आणि उणे ०.१. आवाज ० ते १ मध्ये मोजतात, म्हणजे एका दाबाला दहा टक्के कमी. वाढवायला दुसरा शॉर्टकट, त्यात उणेचं चिन्ह नाही. मग शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट कीच्या चौकटीत जाऊन बटण दाबायचं. त्याआधीचं कंट्रोल-ऑल्ट लावायचं काम विंडोज स्वतःच करतं. मी कमीला के आणि वाढीला व्ही ठेवलंय. गाणं एका दाबात बंद-चालू करायला म्यूटॲपव्हॉल्यूम हा वेगळा हुकूम आहे, शेवटी २ लिहायचे.

आधी मी हौसेनं बाण ठेवणार होतो. ठरवण्याआधीच कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण दाबून पाहिला, तर अख्खं बिल स्क्रीनवर उलटं! ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरचा तोच शॉर्टकट स्क्रीन फिरवायला असतो. वरचा बाण दाबल्यावर सरळ झालं, पण तोवर मी मान वाकडी करून जीएसटी वाचत होतो.

आता कटकटी. बटण दाबल्यावर कधी कधी क्षणभर काहीच होत नाही. ही चूक निरसीएमडीची नाही, डेस्कटॉपच्या शॉर्टकट कीचीच ही रीत आहे. आपण घाईनं चार वेळा दाबतो आणि गाणं एकदम गप्प. दुसरं, ते शॉर्टकट डेस्कटॉपवरून हलवायचे नाहीत. आमच्या पोरानं डेस्कटॉप 'आवरला' आणि सगळं 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं, तेव्हा दोन्ही बटणं मेली. अर्धा दिवस मी कीबोर्ड झटकत बसलो. तिसरं, अँटीव्हायरसनं पहिल्याच दिवशी लाल पट्टी दाखवली. असल्या हुकूम चालवणाऱ्या फायलींवर त्यांचा संशय नेहमीचाच, म्हणून फाइल निरसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावी. आणि क्रोमचे सगळे टॅब एकत्रच वरखाली होतात. एकात अभंग, दुसऱ्यात कर सल्लागाराचा व्हिडिओ असेल तर दोघांचाही आवाज बसतो.

तरी परवा सकाळी दुकानात पाच माणसं, गाणं बारीक, आणि व्हॉट्सॲपची घंटी खणखणीत वाजली. तेच लातूरवाले. पहिल्या रिंगला उचलला.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या उशिरापायी, निरसीएमडीवर थोडा अन्याय करून. भाचा म्हणतो ऑटोहॉटकीत, म्हणजे बटणांना कामं लावून देणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये, दोन ओळी लिहिल्या की तो उशीर जाईल, बटण धरून ठेवलं तरी आवाज हळूहळू उतरेल. पण त्याची परीक्षा आहे, तोवर मी एकदा दाबून थांबायची सवय लावून घेतोय.