उमेदवार कळायला काय बरं, कट्टा, पेपर की मोबाईल?

निवडणूक लागली की पहिल्यांदा मत देणारी पोरं विचारतात, माहिती घ्यायची कुठून? मोठी माणसं सांगतात पारावर जाऊन बस सगळं कळेल, आणि पोरांना वाटतं सगळं नेटवर आहेच की. दोन्ही बरोबर आहे पण अर्धं अर्धं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघूया. बोलतोय ते आपल्या महाराष्ट्रातलंच.

आधी जुनी पद्धत. भोंग्याची रिक्षा, कोपरा सभा, घरी स्लिप घेऊन येणारा कार्यकर्ता, पत्रकं, जिल्ह्याचा पेपर आणि टपरीवरच्या गप्पा. यात सगळ्यात भारी गोष्ट ही की माणूस समोर दिसतो. कोणी बाई मधेच उठून म्हणाली की आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं, तर तो स्वतः उत्तर देतो की शेजारच्या कार्यकर्त्याकडे बघतो, हे रीलमधे दिसणार नाही कारण तेवढं कापूनच रील टाकतात. पण कट्ट्यावरचं ज्ञान ओळखीपुरतं, भावकीपुरतं, जातीपुरतं असतं. आणि पैसा, केसेस याबद्दल तर "लई कमावलंय" याच्या पुढे काही कळायचं नाही. पेपरचं पण सगळं स्वच्छ होतं असं नाही हं, २००९ च्या विधानसभेनंतर पेड न्यूजचा विषय देशभर गाजला तो आपल्याच राज्यातून, लोकांनी बातमी समजून वाचलं ते पैसे देऊन छापलेलं होतं.

आता नेट. इथे एक फरक डोक्यात पक्का ठेवा, एक माहिती आपण जाऊन शोधतो आणि दुसरी आपोआप आपल्या मोबाईलवर येऊन पडते. पहिलीने मतदाराला खरंच ताकद दिलीये. दुसरीवर माझा भरवसा फार कमी आहे, कारण ती कोणीतरी मुद्दाम पाठवलेली असते.

शोधायची पहिली गोष्ट म्हणजे प्रतिज्ञापत्र. २००२ साली निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर या संस्थेच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवारावरचे गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण कळणं हा मतदाराचा हक्क आहे, त्यातूनच अर्जासोबत हे सगळं लिहून देणं बंधनकारक झालं, आज तो फॉर्म २६. हा कागद नुसता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागला तर कोण रजा टाकून वाचायला जाणार? आता निवडणूक आयोगाच्या साईटवर पीडीएफ मिळते, आणि एडीआरच्याच मायनेता साईटवर तीच माहिती सोपी करून टाकलेली असते.

वाचायचं कसं ते सांगतो कारण पानं बघून लोक बंद करून टाकतात. आधी शेवटी जा, तिथे भाग ब मधे सगळ्याचा गोषवारा असतो. मग केसेस बघा, पण नुसता आकडा मोजू नका, कलम बघा, आणि कोर्टाने आरोप निश्चित केलेत का, म्हणजे खटला चालवण्याइतपत दम केसमधे आहे असं कोर्टाला वाटलंय का, ते बघा. रास्ता रोको केला म्हणून जमावबंदी मोडल्याच्या पाच केसेस असलेला माणूस आणि खंडणीची एकच केस असलेला माणूस, यात पाच मोठे की एक हे तुम्हीच ठरवा. मग संपत्ती, स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची, अवलंबून असलेल्यांची, जमीन गट नंबरासकट, सोनं वजनासकट, आणि इन्कम टॅक्स रिटर्नमधलं पाच वर्षांचं उत्पन्न. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी उघडा. जमिनीचे भाव वाढले म्हणून आकडा फुगणं वेगळं, आणि उत्पन्न तेवढंच असताना नवीन फ्लॅट, नवीन प्लॉट येणं वेगळं. मात्र हे सगळं उमेदवाराने स्वतः लिहिलेलं असतं, अर्ज घेताना अधिकारी खरंखोटं तपासत बसत नाही, हे विसरू नका.

अजून एक, २०२० मधे सुप्रीम कोर्टाने पक्षांना सांगितलं की गुन्हे असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर का दिलं ते साईटवर आणि सोशल मीडियावर टाका, आणि "निवडून येतो" एवढं कारण चालणार नाही. ते कारण शोधून वाचाच. बरेचदा "लोकप्रिय आहेत, केसेस राजकीय आहेत" असलंच काहीतरी असतं, पण पक्ष तुम्हाला किती गंभीरपणे घेतो ते त्यातून कळतं. उमेदवार आधीच खासदार असेल तर संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या साईटवर हजेरी आणि विचारलेले प्रश्न दिसतात, मुंबईच्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशनचे अहवाल आहेत.

आता आपोआप येणारं. ड्रोनचा शॉट, गाणं, स्लो मोशनमधे गाडीतून उतरणं, यातून उमेदवाराबद्दल काय कळलं? फेसबुक आणि इन्स्टावर पैसे देऊन चालवलेली राजकीय जाहिरात मेटाच्या, म्हणजे त्यांच्याच कंपनीच्या, ॲड लायब्ररीत सापडते, पैसे कोणी भरले आणि साधारण किती ते दिसतं, पण इन्फ्लुएन्सरला परस्पर पैसे दिले असतील तर तिथे काहीच दिसणार नाही. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला म्हणजे मेसेज खूप हातांतून फिरून आलाय, पाठवणारा आपला काका असला तरी लिहिणारा कोण हे काकालाही माहीत नसतं. आणि मतदान संपायच्या ४८ तास आधी भोंगे बंद होतात पण ग्रुप चालूच असतात, नेमकं तेव्हाच "उमेदवाराची माघार" छाप मेसेज येतात जेव्हा खुलासा करायला वेळच उरत नाही.

मग निवडायचं काय, तर निवडणूक कुठली आहे त्यावर. ग्रामपंचायत किंवा नगरसेवक असेल तर कट्टाच भारी, त्या माणसाने गटाराचं काम कसं केलं ते गल्लीला माहीत असतं. विधानसभेला राज्यात सरासरी तीन लाखांच्या वर मतदारांमागे एक आमदार, म्हणजे अर्धा तास कागदाला आणि एक सभा, दोन्ही करा. लोकसभेला बहुतेकांना उमेदवार प्रत्यक्ष भेटतच नाही, तिथे प्रतिज्ञापत्र आणि सभागृहातलं काम यावरच जा.

आणि नोकरीला पुण्या-मुंबईत पण मत गावाला असे जे लाखो लोक आहेत त्यांनी तर जास्तच जपावं, कारण त्यांचा कट्टा सुटलेला असतो आणि गावाची खबर म्हणजे गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, ज्याचा ॲडमिन बहुतेक कुठल्यातरी पक्षाचा असतो. गावातल्या दोन जणांना फोन लावा, एक ज्याचं घर रस्त्याच्या कामात अडकलं होतं असा आणि एक कुठल्याच पुढाऱ्याच्या मागे न फिरणारा, आणि थेट विचारा की या माणसाकडे काम घेऊन गेलं तर करतो का.