अडीच वर्षं उभी गाडी, चिकटलेले इंजेक्टर आणि अल्ट्रासॉनिक सफाई: आठ महिन्यांनंतर

गाडी अडीच वर्षं जागची हलली नव्हती. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, साधं पोर्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी हवेच्या वाटेत फवारणारे इंजेक्टर. नवी बॅटरी बसवली, सेल्फ मारला, चौथ्या खेपेला सुरूही झाली, पण बोनेट थरथरत होतं आणि सायलेन्सर फटफट करत होता. तीन नंबरचा सिलिंडर सरळ मिसिंग, म्हणजे पेटतच नव्हता. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलऐवजी शिळ्या वॉर्निशसारखा वास. तिथेच शहाणा झालो असतो तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

आधी अर्थातच बाटली आणली. पीईए (मळ विरघळवणारं रसायन) असलेला इंजेक्टर क्लीनर त्याच जुन्या पेट्रोलमध्ये ओतला आणि दोन दिवस इंजिन चालवत बसलो. क्लीनर वाईट नव्हता, माझी अपेक्षा चुकीची होती. ज्या इंजेक्टरमधून पेट्रोल वाहतं त्यालाच तो धुऊ शकतो. ज्याचं तोंडच बंद, त्याच्यापर्यंत औषध पोहोचणार कसं? तीन नंबर ढिम्म हलला नाही.

मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. एक, दोन, चार: स्वच्छ टकटक. तीन: काहीच नाही. मीटर लावला, चौघांचाही रेझिस्टन्स १२ ओहमच्या आसपास. म्हणजे कॉइल शाबूत. शेजारच्या इंजेक्टरचा कनेक्टर तिथे लावून पाहिला, तरी गप्पच. म्हणजे वायरिंगचाही दोष नव्हता. आतली पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई चिकटली होती. पेट्रोल हवेशी ऑक्सिडाइझ होऊन जो डिंक तयार होतो, त्याचा पातळसा थरही पुरतो. सुई उघडते ती मिलिमीटरच्या अंशाएवढी. काही जण इंजेक्टरला थेट १२ व्होल्ट देऊन सुई मोकळी करायला सांगतात. क्षणभराचा झटका ठीक, पण वायर धरून ठेवली तर कॉइल जळते, आणि ते पेट्रोलच्या वासात तर मुळीच करू नये.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरवलं आणि चारही इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक सफाईला (द्रावणात ध्वनिलहरींनी मळ सोडवतात ती) दिले. काम समोर उभं राहून पाहिलं. आधी टेस्ट बेंचवर उभ्या काचेच्या नळ्यांत फवारा: एका मापात ५२, ३८, ० आणि ४९ मिली. दोन नंबरचा फवारा तर कारंज्यासारखा न फुटता एका बाजूला धार मारत होता. माझं सगळं लक्ष तीन नंबरवर होतं, आजारी मात्र दोघं होते. नंतर गरम द्रावणात, इंजेक्टरला पल्स (विजेचे छोटे झटके) देत सफाई (पल्स नसेल तर सुई बंदच राहते आणि आतला मळ आतच राहतो, हे विचारून घ्या), मग उलट्या दिशेने फ्लश. वरच्या टोकातली बारीक जाळी काढली तेव्हा ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. नव्या जाळ्या, नव्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या). शेवटचं माप: ५४, ५१, ५३, ५४.

गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी खूश.

तीन आठवड्यांनी दोन नंबर पुन्हा अडखळायला लागला. चूक सर्वस्वी माझी: टाकी तशीच ठेवून वरून ताजं पेट्रोल भरलं होतं. टाकी उतरवली तर पंपाच्या तळाची गाळणी चिकट, तळाशी तपकिरी साका आणि खाली पाण्याचा थर. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढून घेतं आणि ओलावा फार झाला की इथेनॉल व पाणी वेगळं होऊन खाली बसतं. टाकी धुतली, गाळणी आणि फ्यूल फिल्टर बदलला, लाइन फ्लश केली आणि इंजेक्टर दुसऱ्यांदा सफाईला नेले. आधी टाकी, मग लाइन, शेवटी इंजेक्टर. हा क्रम मला दोनदा मजुरी देऊन कळला.

त्यानंतर आठ महिने झाले. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूल ट्रिम (संगणक नेहमीपेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा) त्रास होता तेव्हा अधिक २१ टक्के दाखवत होता, आता अधिक ३ ते ४ वर स्थिर आहे. आयडलिंग सरळ, थंड इंजिनही लगेच पकडतं, पिकअप परत आला. दोन नंबर मात्र इतरांपेक्षा किंचित कमी फवारतो आणि एसी लावून उभं असताना कधी कधी हलकासा झोका जाणवतो. सफाईने डिंक जातो, गंजाने किंवा झिजेने बिघडलेली सुई नवी होत नाही. पुढे त्रास वाढला तर तो एकच बदलेन.

सगळ्यात मोठी तक्रार बसवण्याबद्दल आहे. दुसऱ्या वेळी एक ओ-रिंग कोरडीच बसवली गेली आणि कडेला चिरली. इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा ऑन करून रेलमध्ये प्रेशर भरला, टॉर्च मारला, तेव्हा इंजेक्टरच्या मानेशी पेट्रोलचा एक थेंब हळूहळू मोठा होताना दिसला. तसाच सेल्फ मारला असता तर गरम इंजिनवर गळती झाली असती. आता ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावल्याशिवाय हात पुढे जात नाही.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं त्यांनी) यातलं काही घरी करू नये; तिथे प्रेशर शेकडो बारमध्ये असतो, माझ्या रेलमध्ये जेमतेम ३. आणि इंजेक्टर उघडाच अडकलेला असेल तर सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर आधी प्लग काढा, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असू शकतं.

क्लीनरची उरलेली बाटली हल्ली ताज्या पेट्रोलात वापरतो. चालत्या इंजेक्टरसाठी ती बरी आहे.