लायसन्स आहे पण ट्रॅफिकची धास्ती वाटते अशांसाठी कोथरूडचा ड्रायव्हिंग रिफ्रेशर कोर्स

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण ज्यांच्या घरी कोणी डिव्हायडरला चिकटून तीसच्या स्पीडने गाडी चालवतं त्यांनी हे पूर्ण वाचा.

आधी एक क्लिअर करते, हा कोर्स नवशिक्यांसाठी नाहीये. क्लच ब्रेकपासून शिकायचं असेल तर या क्लासची वेगळी बॅच असते. मी लिहितेय ते लायसन्सवाल्यांच्या रिफ्रेशरबद्दल, जो मी आणि बाबांनी एकत्र केला, म्हणजे एक जण चालवणार आणि दुसरा मागच्या सीटवर बसून बघणार. तसं बसू देतात, एक्स्ट्रा पैसे घेत नाहीत आणि खरं सांगायचं तर मागे बसूनच जास्त शिकायला मिळतं.

बाबांनी आयुष्यभर स्कूटर चालवली, गाडी रिटायर झाल्यावर घेतली. लायसन्स व्यवस्थित आहे, पंचावन्न उलटल्यावर पाच पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं तसं केलेलं आहे. गाडीवर कंट्रोल पण छान आहे, सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये एका झटक्यात रिव्हर्स लावतात. प्रॉब्लेम फक्त रस्त्यावरचा होता. पौड रोड असो नाहीतर कर्वे रोड, एकदा डिव्हायडर पकडला की सोडायचा नाही, आणि स्पीड पंचवीस तीस. मग मागून हॉर्न, अप्पर डिप्पर, डावीकडून बाइकवाले घासून जाणार, एखादा जाता जाता काहीतरी बोलून जाणार, आणि बाबा घरी येऊन म्हणणार की लोकांना अजिबात पेशन्स उरला नाही. लोकांना पेशन्स नाही हे खरंच आहे. पण रोज तेच होत असेल तर आपली गाडी रस्त्यावर कुठे आहे हेही बघायला पाहिजे ना, आणि हे मुलीने सांगून पटत नाही, तिसऱ्या माणसाने सांगावं लागतं. म्हणून क्लास लावला.

शिकवायला मॅडम होत्या. पहिल्या दिवशी गाडी फार चालवलीच नाही, बराच वेळ फक्त आरसे लावण्यात गेला. मला वाटलं टाइमपास चाललाय, पण नाही. बाहेरच्या आरशांत स्वतःच्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसली पाहिजे आणि बाकी सगळा रस्ता, आतल्या आरशात मागची पूर्ण काच. आमच्या दोन्ही बाहेरच्या आरशांत अर्धा आरसा भरून आपलेच दरवाजे दिसत होते. डावीकडचा आरसा बहिर्गोल असतो, त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे पण त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून प्रत्यक्ष दाखवलं. आणि एवढं करूनही डाव्या दरवाज्यापाशी एक जागा अशी राहते जिथे अख्खी अ‍ॅक्टिव्हा गायब होते, तिथे मान वळवून बघण्याला पर्याय नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. हळू चालवणारी माणसं उजवीकडेच का जातात? मॅडमनी बाबांना हेच विचारलं, ओरडून नाही, शांतपणे. "काका, तुम्हाला डावीकडे काय त्रास होतो ते सांगा मला." आणि बाबा सांगत सुटले. डावीकडे पार्क केलेल्या गाड्या, कोणीतरी न बघता दार उघडतं, रिक्षावाला पॅसेंजर दिसला की तिथेच थांबतो, पीएमपीची बस स्टॉपवरून सरळ आडवी बाहेर येते, हातगाड्या, ड्रेनेजची खोल गेलेली झाकणं, आणि राँग साइडने येणारे टू व्हीलरवाले. उजवीकडे निदान डिव्हायडर आहे, तो हलत नाही, आणि आपण उजव्या सीटवर बसतो त्यामुळे त्या बाजूचा अंदाज पक्का येतो. हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की हा माज नाही किंवा अडाणीपणा पण नाही, ही भीती आहे आणि भीतीला कारण आहे. पुण्यात डावी लेन लेन म्हणून शिल्लकच नाही बऱ्याच ठिकाणी.

मॅडमनी ते सगळं मान्य केलं. मग म्हणाल्या, आता उजवीकडे राहिल्यावर काय होतं ते बघा. मागच्याला उजवीकडून जायला जागाच नाही, म्हणजे तो डावीकडून काढणार. एक गाडी डावीकडून गेली की तिच्यामागे चार बाइक. त्यातल्या दोन पुढे जाऊन लगेच तुमच्यासमोर उजवीकडे घुसणार. तुम्ही दचकून ब्रेक मारणार, अजून हळू होणार, मागचे अजून चिडणार. ज्याला घाबरून तुम्ही उजवीकडे गेलात तेच तुम्ही स्वतःभोवती गोळा करताय. आणि कर्वे रोडला तर मेट्रोचे खांब मध्ये आहेत, डिव्हायडर तुटलेला असेल तिथे रस्ता क्रॉस करणारा माणूस खांबाआडून डायरेक्ट उजव्या लेनमध्येच उतरतो, म्हणजे तीही बाजू वाटते तेवढी सेफ नाही. बाबा गप्प झाले. दहा वर्षांत मी त्यांना जे समजावू शकले नसते ते पाच मिनिटांत झालं.

उपाय काय, तर सगळीकडे अगदी डावीकडे जा असं त्या सांगत नाहीत, आणि हेच मला आवडलं, कारण पुस्तकी सांगणं इथे चालत नाही. तीन लेन जातील एवढा रस्ता असेल तर मधली धरा. दोनच असतील तर डावीच, पण पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवून एका सरळ रेषेत चला, प्रत्येक मोकळ्या जागेत आत बाहेर करू नका. राइट मारायचा असेल तर उजवीकडे या, पण चौकाच्या बऱ्यापैकी आधी, आयत्या वेळी नाही. आणि एक सोपा नियम, पुढे रस्ता मोकळा आहे आणि आरशात मागची गाडी मोठी होत चाललीये, तर तुमचा स्पीड किती का असेना, तुम्ही चुकीच्या लेनमध्ये आहात. डावीकडे सरका, तिला जाऊ द्या. आधी इंडिकेटर, मग आरसा, मग मान वळवून नजर, आणि मग हळूहळू सरकायचं, एकदम नाही. इंडिकेटर दिला म्हणजे हक्क मिळाला असं नाही, तो मागच्याला विचारलेला प्रश्न आहे असं त्या सारखं म्हणायच्या.

हळू चालवणं हा गुन्हा नाही हेही त्यांनी बाबांना ठासून सांगितलं. केंद्राच्या 2018 च्या नोटिफिकेशनप्रमाणे शहराच्या हद्दीत कारला 70 ची कमाल मर्यादा आहे आणि बऱ्याच रस्त्यांवर बोर्ड त्यापेक्षा कमीचे असतात, पण ती कमाल आहे, तेवढं गाठलंच पाहिजे असं कुठे आहे? तुम्ही 35 ने जा, फक्त बाजूने जा. 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये पण मूळ तत्त्व तेच आहे, शक्य तितकं डावीकडे राहा आणि ओव्हरटेक उजवीकडून. ही रेग्युलेशन्स मोडली तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 500 ते 1000 रुपये दंडाची तरतूद आहे, कलम 177ए. आणि विनाकारण हॉर्न वाजवत बसणाऱ्यालाही पहिल्या वेळी 1000 चा दंड आहे हे ऐकून बाबांना बरं वाटलं. मागच्यांना पण चार शब्द सुनावणारं कोणीतरी भेटलं.

आमच्याकडे नेहमीच्या क्लासमध्ये हे का शिकवत नाहीत याचा मला खरंच राग येतो. सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्समध्ये कार शिकवायला किमान 21 दिवस आणि त्यात 10 तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग असं लिहिलंय. प्रत्यक्षात एका गाडीत तीन तीन जण, वाट्याला येणार दहा पंधरा मिनिटं, त्यात अर्ध्या वेळा स्टिअरिंगला सरांचाच हात. मग लायसन्सच्या टेस्टला भोसरीच्या आयडीटीआरच्या (ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था) ट्रॅकवर आठ काढायचा, एच मध्ये रिव्हर्स घ्यायचा, चढावर गाडी मागे न येता उचलायची. हे सगळं यायला पाहिजेच, पण संध्याकाळच्या भर ट्रॅफिकमध्ये लेन कशी बदलायची हे त्या ट्रॅकवर कसं तपासणार? माणूस पास होतो आणि दुसऱ्या दिवशी नळ स्टॉपला येऊन उभा राहतो, आणि तिथे त्याला शिकवायला कोणी नसतं, फक्त हॉर्न असतात.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी बऱ्याच घेतल्या. चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावतात ते पूर्ण चूक आहे, बाजूच्याला त्यातला एकच दिसतो आणि तुम्ही वळताय असं वाटतं. पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीचे पार्किंग लाइट, म्हणजे तेच चारही इंडिकेटर, लावले की तुमचा खरा इंडिकेटर कोणाला कळतच नाही, पाऊस असेल तर हेडलाइट लावा. सिग्नलला लेफ्ट फ्री असेल आणि आपल्याला सरळ जायचं असेल तर डावीकडे तोंड खुपसून उभं राहायचं नाही. सर्कलमध्ये आधीपासून आत असलेल्याला पहिलं जाऊ द्यायचं. अ‍ॅम्ब्युलन्स आली की गोंधळून जागेवर थांबू नका, इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा, अडवली तर 10,000 च्या दंडाची तरतूद आहे पण ते सोडा, आत माणूस आहे.

अंतर ठेवण्यावरून बाबांचं आणि मॅडमचं चांगलंच वाजलं. त्या म्हणाल्या पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागा, दोन सेकंदांच्या आत आपण तिथे पोचलो तर आपण फार जवळ आहोत. बाबा म्हणाले, "मॅडम, दोन सेकंदांची जागा सोडली तर त्यात तीन स्कूटर येतात." त्यावर मॅडम म्हणाल्या येऊ द्या, परत अंतर करा, परत आले तर परत करा. मला स्वतःला हे पूर्ण पटलेलं नाही, संध्याकाळी सहाला नळ स्टॉपच्या पुलाखाली हे करत बसलो तर आपण मागेच जात राहू. पण चालत्या ट्रॅफिकमध्ये, जिथे चाळीसच्या वर स्पीड असतो तिथे त्यांचं बरोबर आहे.

शेवटच्या टप्प्यात चांदणी चौकातून बायपास. हा भाग माझ्यासाठी होता. नवीन चौक 2023 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून रॅम्प इतके झालेत की आधी कुठल्याने उतरायचं हेच डोक्यात पक्कं पाहिजे, मध्येच थांबून बोर्ड वाचणारे दिसतात आणि ते फार धोक्याचं आहे. हायवेला लागताना रॅम्पवरच स्पीड घ्यायचा, तीसने रांगत मेन रोडवर उतरायचं नाही, कारण मागून ट्रक ऐंशीने येत असतो. इथे हळू असणं खरंच जिवावर बेतू शकतं. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर मात्र उलटं, गिअर खाली ठेवून, न्यूट्रल अजिबात नाही, आणि मागे जड वाहन दिसलं की त्याच्या पुढ्यात राहायचं नाही, बाजू द्यायची. त्या उतारावर किती अपघात झालेत ते पुण्यात कोणाला सांगायला नको. मॅडमचा हात पूर्ण वेळ हँडब्रेकजवळ होता पण त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही.

आता एक स्टार का कापला ते. वेळेचा घोळ आहे, बॅच आयत्या वेळी पुढे ढकलतात आणि मेसेज करत नाहीत, आपणच फोन करायचा. एकदा मॅडम नव्हत्या म्हणून दुसरे सर आले, ते पूर्ण वेळ काच खाली करून दुसऱ्यांवर खेकसत होते, लेनची शिस्त शिकवणाऱ्या माणसाकडून हे बघून वाईट वाटलं. त्यांच्या गाडीचा क्लच पण जड आहे, बाबांचा गुडघा दुखायला लागला, मग आम्ही विनंती केल्यावर आमच्या गाडीवर शिकवलं. पण आपल्या गाडीला ड्युअल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक, नसतो, त्यामुळे ज्यांचा हात अजून बसला नाही त्यांनी क्लासच्याच गाडीवर करा. हातात देतात ती माहितीपत्रकं सगळी इंग्लिशमध्ये आहेत, बाबांच्या वयाच्या लोकांसाठी मराठीत का नाहीत? आणि एक्स्प्रेसवे कोर्समध्ये नाही, जो खरंतर पाहिजे, कारण तिथे तर उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी आहे आणि तिच्यातच निवांत सत्तरने जाणारे सगळ्यात जास्त दिसतात.

फरक पडला का, तर हो. बाबा अजून हळूच चालवतात, पस्तीस चाळीस, पण मधल्या लेनमधून, आणि आरसा बघतात. हॉर्न पूर्ण बंद झालेले नाहीत, पुण्यात ते होणारही नाहीत, पण डावीकडून घुसणाऱ्या गाड्या खूप कमी झाल्या. आईला आता त्यांच्या शेजारी बसायला भीती वाटत नाही, हे माझ्यासाठी पैसे वसूल आहेत.

लावणार असाल तर सकाळी सातची बॅच घेऊ नका, रस्ता रिकामा असतो आणि मग काहीच शिकणं होत नाही. संध्याकाळची मागा, नाही म्हणाले तर थांबा पण तीच घ्या. मॅडमच पाहिजेत असं अ‍ॅडमिशनच्या वेळीच सांगा. पावती मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत. पिकअप फक्त कोथरूडमध्ये आहे, वारजे किंवा बावधनवाल्यांना क्लासपर्यंत यावं लागेल. ऑटोमॅटिक गाडी एकच आहे आणि तिला वेटिंग असतं, त्यामुळे आधी फोन करून विचारा.