हॉलचा पडदा: जाड सुती की ब्लॅकआउट?

नव्या घराची चावी हातात आली की सामान हलवण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत पुट्टी. टाळी खणखणत परत येते. आमच्या आजोळच्या धाब्याच्या घरात असं कधी व्हायचं नाही. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कडीपाट आणि कोपऱ्यात गोधड्यांची चळत. त्या घरात माणूस हळू बोलला तरी ऐकू यायचं. स्लॅबच्या घरात तो मऊपणा कापडानंच आणावा लागतो. म्हणून पडदा रंग आणि छाप पाहून निवडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

जळगावात घ्या, धुळ्यात घ्या, दुकानात शेवटी दोन गठ्ठे समोर पडतात: जाड सुती आणि पॉलिएस्टरचं ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारं कापड.

आधी आवाज, कारण त्याचा विचार सगळ्यात कमी होतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे एका व्याख्यानगृहातला घुमणारा आवाज आवरण्याचं काम आलं. रिकाम्या खोलीत उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. त्यांनी विद्यापीठाच्याच नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि गाद्या वाढतील तसा शब्द किती लवकर विरतो ते मोजलं. सभागृहांच्या आवाजाचं शास्त्र त्या गाद्यांपासून उभं राहिलं. कारण सोपं आहे: हवा धाग्यांच्या फटींत शिरते, घासते आणि आवाज तिथंच जिरतो. त्यामुळे जिच्यातून हवा खेळते अशी जाड सुती वीण इथं सरस. पाठीला रबरासारखा लेप दिलेलं ब्लॅकआउट मागे पडतं. विणीतच मध्ये काळा धागा घातलेलं त्यातल्या त्यात बरं.

पण कोणतंही कापड ताणून सपाट लावलं तर निम्मा फायदा गेला. खिडकी सहा फुटांची असेल तर कापड बारा फूट हवं. तयार पडदा बहुधा चार फुटी मिळतो, म्हणजे तीन नग. लोक दोन घेतात, चुण्या पडत नाहीत, आणि मग ‘खोली भकास दिसते’ म्हणून कापडाला नावं ठेवतात. बजेट अपुरं असेल तर स्वस्त कापड घ्या, पण तीन नगच घ्या.

उन्हाच्या बाबतीत ब्लॅकआउटवर लोकांचा भरवसा फार. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पश्चिमेची खिडकी बंद करून काळोख केला की गार वाटतं खरं. पण पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो, आणि काच व पडदा यांच्यामधली गरम हवा वरच्या फटीतून खोलीतच उतरते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं: छज्जा किंवा बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा. १९३६ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी गावात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या सामानातून ते नगर सजवलं होतं. तोच बांबू आज खिडकीबाहेर टांगायला आपल्याला कमीपणा का वाटावा, मला कळत नाही.

बाहेर चिक लागली की आतल्या पडद्यावरचा भार निम्मा होतो, आणि मग सुती पुरतं. शिवाय आपल्याकडे कूलर. कूलरची ओली हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी थोडी उघडी लागते, नाहीतर खोली चिकट होते. त्या खिडकीवर लेपाचं ब्लॅकआउट असेल तर वाट अडते. सैल विणीच्या सुतीतून हवा निघून जाते.

उजेडाचा फरक तर पाहूनच कळतो. कोऱ्या सुतीतून दुपारचं ऊन गाळून येतं. हातमागाचं असेल तर धाग्यांची जाडी कमीजास्त असते, म्हणून तो उजेड जिवंत वाटतो. ब्लॅकआउटला दोनच अवस्था, उघडा किंवा अंधार. दिवसभर माणसं बसणाऱ्या हॉलमध्ये मला तो अंधार सोसत नाही.

झोपण्याच्या खोलीत मात्र मी ब्लॅकआउटच्या बाजूनं आहे, विशेषतः भुसावळसारख्या गावात. रेल्वेची रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आलेल्या माणसाला अंधार हवाच. त्याच्या घरात सुतीचं कौतुक करत बसू नये. फक्त रॉडच्या वर लाकडी पेटी करून घ्या, म्हणजे वरच्या फटीतून उजेडही येत नाही आणि गरम हवाही.

धुण्यात पॉलिएस्टर सोपं: पटकन वाळतं, चुरगळत नाही. सुती धूळ धरतं, उन्हात विटतं, पावसाळ्यात वाळायला दोन दिवस घेतं. हे त्रास खरे आहेत. मागे पांढरं सुती अस्तर लावलं तर विटणं बरंच लांबतं, आणि अस्तर बदलता येतं.

हॉलसाठी सुतीच घ्यायचं ठरलं तर कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि जमिनीला टेकणारा पडदा चार बोटं वर जाऊन बसतो.