मारामुरेशमधलं गावातलं घर: ब्रेबचा होमस्टे आणि आजूबाजूचं फिरणं, खरंखुरं काय आणि शो काय

रोमानिया म्हटलं की लोक ड्रॅक्युलाचा किल्ला, ब्राशोव आणि बुखारेस्ट उरकून परत येतात. उत्तरेला पार युक्रेनच्या बॉर्डरला चिकटून मारामुरेश नावाचा भाग आहे, तिकडे फार कमी जण वळतात, आणि त्यातल्या ब्रेब नावाच्या गावात एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही राहिलो त्याचा हा रिव्ह्यू. घराचं नाव देत नाही, कारण गावात अशी बरीच घरं आहेत, बुकिंग साइटवर ब्रेब टाकलं की दिसतात, आणि जे सांगतोय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडेल.

आधी निकाल सांगून टाकतो. राहण्याला पाचपैकी साडेचार, जेवणाला पाच, आणि एका एजन्सीने गळ्यात मारलेल्या 'फोक इव्हिनिंग'ला एक, तोही वादकांसाठी.

जुन्या लाकडी घराची डागडुजी करून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. ओंडके एकावर एक रचून केलेल्या भिंती, वर लाकडी फळ्यांचं उतरतं छप्पर, आत लोकरीचे जाडजूड ब्लँकेट. बाथरूम नवीन आहे पण गरम पाणी एका मागोमाग दोघांना पुरत नाही, मध्ये थांबावं लागतं. वायफाय अंगणात चालतं, खोलीत मूड असेल तर चालतं. भाडं नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून माणशी 200 लेईच्या आसपास पडलं, एका युरोला साधारण 5 लेई धरा, म्हणजे पश्चिम युरोपात एवढ्यात नुसता बेड मिळतो तोही डॉर्ममध्ये.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर पहाटे अलार्मची गरज नाही. बाहेर ठक ठक ठक असा बारीक आवाज सुरू होतो, ते म्हणजे लोक विळ्याचं लांब पातं छोट्या हातोडीने ठोकून धार काढत असतात. गवत कापायची हीच वेळ, दव असताना कापलं की सोपं जातं. कमरेला शिंगाची नाहीतर पत्र्याची डबी अडकवलेली, त्यात पाणी आणि धार लावायचा दगड. कापलेलं गवत वाळवून मधोमध खांब रोवून त्याभोवती रचतात, ते उंच गंजे सगळ्या डोंगरउतारावर दिसतात आणि फोटोत जेवढे छान दिसतात त्याहून प्रत्यक्षात भारी. घरच्या आजोबांनी आम्हाला दाताळं दिलं, गवत उलटं करायला, अर्ध्या तासात हाताला फोड, ते हसले आणि दाताळं परत घेतलं. हे कुठल्या पॅकेजमध्ये नव्हतं, पैसेही नाही घेतले. पाऊस यायच्या आत गवत आत यायला हवं आणि दोन जास्तीचे हात दिसतायत एवढाच त्यातला हिशोब.

माझ्या मते इथे पैसे कशाचे द्यायचे तर याचे. घर स्वतःच्या कामात असतं आणि तुम्हाला त्यात बसू देतं. तुमच्यासाठी काही मांडलं की लगेच वास येतो.

आता ती फोक इव्हिनिंग. एका टूर एजन्सीने (नाव नको) कारसोबत जोडून विकली होती. एका मोठ्या हॉलमध्ये कोच भरून आणलेले लोक, कडक इस्त्रीचे पोशाख, माइकवर इंग्रजीत विनोद, आणि दर गाण्यानंतर फोटोसाठी रांग. व्हायोलिन आणि ते इथलं गिटारसारखं वाजवतात ते झोंगोरा नावाचं वाद्य, वाजवणारे मात्र खरोखर चांगले होते, वाईट वाटलं त्यांच्यासाठी. त्याच आठवड्यात रविवारी सकाळी गावातल्या चर्चला गेलो तर तेच पोशाख फुकट आणि खरे. बायकांचे गुडघ्यापर्यंतचे फुलाफुलांचे घेरदार झगे, डोक्याला रुमाल, काही म्हाताऱ्या पुरुषांच्या डोक्यावर ती इवलीशी गवती टोपी, क्लोप म्हणतात तिला, ती डोक्यावर राहते कशी हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आत जागा नसली की लोक अंगणात उभे राहून प्रार्थना ऐकतात. मागे शांतपणे उभे राहा, कॅमेरा खिशात ठेवा, कोणी हाकलत नाही.

पण म्हणून इथे सगळं जुनंच आहे अशा समजुतीत जाऊ नका. निम्मं गाव कधी ना कधी इटली-फ्रान्सला कामाला जाऊन आलंय, तिकडच्या पैशातून सिमेंटची दोन-तीन मजली घरं उठलीत, काही तर रिकामीच, मालक उन्हाळ्यात येणार. त्यातल्या एखाद्या घरापुढे लाकडात कोरलेलं भलंमोठं गेट असतं, दोरीची नक्षी, सूर्य, जीवनवृक्ष, आणि मागे गुलाबी सिमेंट. काही फिरणाऱ्यांना हे खटकतं. मला नाही खटकलं, पाहुण्यांच्या फोटोसाठी लोकांनी थंडीत कुडकुडत का राहायचं? उलट त्या इटलीमुळेच सोय झाली, घरच्या काकूंना इंग्रजी येत नव्हतं पण इटालियन फाडफाड, आमच्या मोडक्या इटालियनवर अख्खं संध्याकाळभर बोलणं चालायचं, बाकीचं मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर.

अंगणातल्या झाडावर रंगीत एनॅमलची भांडी उलटी टांगलेली दिसली तर पूर्वी त्याचा अर्थ घरात लग्नाची मुलगी आहे असा व्हायचा. आता बरीच झाडं पाहुण्यांसाठीच सजवलेली असतात, काकूंनीच हसत कबूल केलं, त्यांना तर मुलगीच नाही.

जेवण. इथे मी जरा लांबण लावणार आहे. मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली मामालिगा, त्यावर मेंढीचं चीज आणि आंबट क्रीम, हे जवळपास रोज, आणि रोज आवडलं. सकाळी घरचा ब्रेड, प्लमचा जाम, आणि झाकुस्का, म्हणजे भाजलेली वांगी आणि लाल ढोबळ्या मिरच्या परतून केलेलं एक जाडसर प्रकरण जे बरण्या भरून हिवाळ्यासाठी ठेवतात. मांसाहारी असाल तर सारमाले मिळतील, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात, मंद शिजवलेला. आणि शाकाहारी असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर चिकन सूप समोर येऊ शकतं, 'दे पोस्त' म्हणा. ऑर्थोडॉक्स लोक उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत, त्यामुळे उपासाचं जेवण म्हणजे सरळ व्हीगन, आणि ते प्रत्येक घरात करता येतं. ऑगस्टच्या 1 ते 14 तारखेत तर मेरीच्या सणाआधीचा उपास असतो, तेव्हा बऱ्याच घरात तेच शिजत असतं. बीन्सची दाट भाजी, मशरूम, कोबी-भाताचे बिनमांसाचे सारमाले, पोट फुटेपर्यंत.

आणि होरिंका. प्लमपासून घरी गाळलेली, दोनदा गाळतात, पन्नास टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, स्वागतालाच छोट्या ग्लासात हातात येते. पहिली नाकारली तरी चालतं, छातीवर हात ठेवून मान हलवा, कोणी रागवत नाही. गाडी चालवणार असाल तर एक थेंबही नको, रोमानियात ड्रायव्हिंगला अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे.

आसपासचं फिरणं पटापट सांगतो. बुदेश्तचं 1643 सालचं लाकडी चर्च चुकवू नका, आत पिंत्या नावाच्या इथल्या लोककथांतल्या बंडखोराचं चिलखत ठेवलंय. अशी आठ लाकडी चर्च 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्यातलं शुर्देश्तचं टोकापर्यंत 72 मीटर, आणि अख्खं लाकडाचं. पोयेनिले इझेइच्या चर्चच्या भिंतींवर नरकाची चित्रं आहेत, कुठल्या पापाला कुठली शिक्षा याचा सविस्तर तक्ताच म्हणा ना. एक अडचण अशी की चर्च बहुतेक वेळा बंद असतात, दारावर फोन नंबर असतो, तो लावला की गावातलं कोणीतरी चावी घेऊन येतं. दहा मिनिटंही लागतात, तासही लागतो. घाईत असाल तर चिडचिड होईल.

ब्रेबहून जवळच सर्ब म्हणून गाव आहे, तिथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी जुनी यंत्रं अजून चालू आहेत. वल्तोआरे म्हणजे लाकडी फळ्यांचा एक मोठा खोलगट हौद, वरून पाणी जोरात पडतं आणि आत भोवरा होतो, त्यात लोकरीचे जड ब्लँकेट आणि गालिचे टाकून धुतात, साबण नाही, वीज नाही. आम्ही गेलो तेव्हा एक बाई खरोखर धुवायला आल्या होत्या, आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यांनी. बेस्ट.

सपंत्सा गावातली 'आनंदी दफनभूमी' मात्र आता अजिबात आडवाटेची राहिली नाही, बस भरून लोक येतात, बाहेर मॅग्नेटचे स्टॉल. तरी जा. 1935 च्या सुमारास स्तान इओन पत्राश नावाच्या सुताराने ओकच्या क्रॉसवर मेलेल्या माणसाचं चित्र कोरून खाली त्याच्याच तोंडी कविता लिहायला सुरुवात केली, निळ्या रंगात रंगवून, आणि 1977 मध्ये तो गेल्यावर त्याच्या शिष्याने काम पुढे चालवलं. कविता गुळगुळीत नाहीत, कोणाला दारूने खाल्लं, कोणाला गाडीने उडवलं, सासूबद्दल जावयाला काय वाटायचं, सगळं लिहिलंय. कविता रोमानियनमध्ये आहेत म्हणून कोणीतरी वाचून दाखवणारा सोबत हवा, इथे गाइडचे पैसे वसूल होतात. सकाळी लवकर जा.

विशेउ दे सुसहून सुटणारी मोकनित्सा ही जंगलातली वाफेची छोटी रेल्वे, 1930 च्या दशकात लाकूड वाहायला टाकलेली, रुळांमधलं अंतर फक्त 760 मिलिमीटर, आणि आजही त्या मार्गावर लाकूड वाहतात. वासेर नदीच्या कडेने वीसेक किलोमीटर आत जाते, रस्ता नाहीच त्या खोऱ्यात. सीन अप्रतिम, पण सीझनमध्ये गर्दी जाम, लाकडी बाकं, कोळसा नाही लाकूड जाळतात त्यामुळे खिडकीजवळ बसलात तर कपड्यांवर ठिणग्या आणि राख. तिकीट ऑनलाइन आधी काढा, अर्धा दिवसाहून जास्त जातो, लहान मुलं परतीला कंटाळतात.

सिगेत या शहरात कम्युनिस्ट काळातलं तुरुंग-म्युझियम आहे, कवयित्री आना ब्लांदियाना यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, माजी पंतप्रधान युलियू मानियू 1953 मध्ये याच तुरुंगात वारले. आनंदी दफनभूमीच्याच दिवशी हे ठेवू नका. लोक ठेवतात कारण दोन्ही एकाच बाजूला पडतात, पण डोकं चालत नाही मग.

पायी फिरणाऱ्यांसाठी ब्रेबच्या मागे क्रेआस्ता कोकोशुलुइ नावाचा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा कडा आहे, 1428 मीटर. वाटेत मेंढपाळांच्या झोपड्या लागतात, ताजं चीज विकत मिळतं. पण त्यांचे कुत्रे हा इथला खरा धोका, अस्वलांपेक्षाही जास्त भेटणारा. कळप दिसला की लांबून वळसा घाला, कुत्रे आले तर पळू नका, जागीच उभे राहा, मेंढपाळ हाक मारेपर्यंत थांबा. आम्हाला कोणीही आधी सांगितलं नव्हतं हे, पाचातला अर्धा इथेच गेला, होमस्टेवाल्यांनी खोलीत एक कागद तरी लावायला हवा.

पोचायचं कसं तर क्लुजपर्यंत विमान, तिथून कार भाड्याने, बाया मारे शहरावरून गुताइ घाटातून तीन-साडेतीन तास. बुखारेस्टहून सिगेतला रात्रीची ट्रेनही आहे, बारा तासांहून जास्त, मजा आहे पण गावागावात फिरायला पुढे गाडी लागतेच, बस तुटपुंज्या आणि रविवारी तर विसराच. रात्री गाडी चालवणं टाळा, घोडागाड्या आणि गाई रस्त्यात असतात. 1 जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्ण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आलाय, त्यामुळे वेगळ्या रोमानियन व्हिसाची भानगड संपली, हंगेरीतून गाडीने आलात तरी बॉर्डरवर पासपोर्टची रांग नाही.

कोणी जाऊ नये? ज्यांना रोज तीन-चार ठिकाणं टिक करायची असतात त्यांनी. आणि चिखल, कोंबड्यांचं ओरडणं, शेणाचा वास चालत नसेल त्यांनी. बाकीच्यांनी निदान तीन रात्री एकाच घरात काढा, पहिला दिवस तर सगळे तुमच्याशी पाहुण्यासारखे जपून वागण्यातच जातो. आणि कॅश बाया मारे किंवा सिगेतलाच काढून घ्या, काकूंकडे कार्डचं मशीन नाही, आणि चर्चची चावी आणणाऱ्या आजींकडे तर नाहीच नाही.