बोलून कथा लिहायची सोय: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबायचा, मराठीत बोलायचं आणि अक्षरं उमटवायची, ही सोय कथेतल्या संवादांसाठी झकास आहे, निवेदनासाठी घातक आहे आणि छापायला पाठवायच्या प्रतीसाठी बिनकामाची आहे. गेल्या पावसाळ्याआधीपासून मी ती जवळपास रोज वापरतेय. कीबोर्ड दोन-तीन बदलून पाहिले. थोड्याफार फरकाने सगळ्यांची तऱ्हा एकच, म्हणून नाव कुणाचंच लिहीत नाही. पैसे कुणीच घेतले नाहीत.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत काउंटरला असते. दिवसभर आकडे बडवल्यावर रात्री पुन्हा टंकायला बसायचं म्हणजे जिवावर येतं. कथा लिहायची हौस जुनी, पण बहुतेक कथा वहीत दोन पानांवर अडकलेल्या. म्हणून हा प्रयोग. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना कानात वायरचा हेडफोन आणि हातात फोन. बिनवायरचा नको, वारं सुटलं की त्याला निम्मे शब्द कळत नाहीत. निदान माझ्याकडच्याला तरी नाही.

पहिला फायदा संवादात दिसला, आणि तो खरंच मोठा आहे. वहीत माझी सगळी पात्रं वर्तमानपत्रातल्यासारखी बोलायची. एका कथेत सासू-सुनेचं भांडण होतं. वहीत सुनेचं वाक्य होतं, 'तुम्ही माझ्या भावनांचा कधी विचारच केला नाही.' चालता चालता तेच म्हणायला गेले तर जीभ वळेना. तोंडातून आलं, 'तुमास्नी काय हाय त्येचं.' एवढंच. पुढची चार वाक्यं आपोआप गळली. जे वाक्य उच्चारताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, ते पात्राच्या तोंडी शोभणारच नाही, ही परीक्षा कागदावर होत नाही, तोंडाने होते. (त्याच संध्याकाळी बाकावर बसलेल्या एका आजींनी मला थांबवून विचारलं, "का गं पोरी, घरात भांडान झालंय व्हय?" मी म्हटलं, कथा सांगतोय फोनला. त्यांना ते पटलं नाही.)

आता तक्रार. तोंडातून आलं ते फोनमध्ये उतरतं असं नाही. मी म्हणते, 'आरं कवा आलास? जेवलास का न्हाई?' फोन लिहितो, 'अरे कधी आलास जेवलास का नाही'. बोलीचा सगळा रंग धुऊन पुसून वर प्रमाण मराठीची इस्त्री. 'काय करालाईस' हे तर त्याला आजवर धड कळलेलं नाही, दर वेळी नवाच अर्थ लावतो. 'न्हाई', 'हुतं', 'कवा' हे शब्द मी कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घातले. टंकताना ते सुचवले जातात, बोलताना मात्र काडीचा फरक पडला नाही. त्यामुळे एक नियम घालून घ्यावा लागला: ज्या संध्याकाळी बोलले, त्याच रात्री बसून संवाद दुरुस्त करायचे. कानात आवाज असतो तोवर 'कधी'च्या जागी 'कवा' बरोबर बसतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर फोनने लिहिलेलंच खरं वाटायला लागतं. हा या सोयीतला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो कळतसुद्धा नाही. ज्यांच्या कथा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडतात त्यांना हा त्रास होणार नाही. पन्हाळा, कागल, गडहिंग्लजकडची माणसं लिहिणाऱ्यांनी धरूनच चालावं.

किरकोळ कटकटी बऱ्याच आहेत, भराभर सांगते. 'पूर्णविराम' म्हटलं की टिंब येत नाही, 'पूर्णविराम' हा शब्द येतो. विचार करायला थांबलं की माइक आपला बंद. 'ती दोन पावलं मागे सरली' असं म्हटलं की '२ पावलं', आणि कथेत ते हिशेबाच्या वहीसारखं दिसतं. एकाच परिच्छेदात 'होतं' आणि 'होते' दोन्ही. आणि नेट गेलं की मुका.

यातली 'होतं'-'होते'ची गोष्ट वाटते तेवढी किरकोळ समजू नका. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे, त्यात १९७२मध्ये भर पडली. पात्राच्या तोंडच्या वाक्यात 'असं', 'केलं' हे बोलण्याप्रमाणे लिहायला त्यात मुभा आहे. म्हणजे संवादात 'केलं' आणि निवेदनात 'केले' असं लिहिणाऱ्याला नियमाचा आधार आहे. निवेदनही बोलीच्या अंगाने 'केलं' करणारे खूप आहेत, तेही चालतं. मात्र एकदा ठरवलं की कथा संपेपर्यंत पाळायला लागतं. फोन काहीच पाळत नाही. दोन हजार शब्दांची कथा असेल तर हे एकसारखं करण्यात एक अख्खी रात्र जाते.

निवेदनाचं नुकसान माझ्या उशिरा लक्षात आलं. बोलताना आपण समोरच्याला समजावत असतो, त्यामुळे 'म्हणजे', 'तर', 'आणि मग' यांचा पाऊस पडतो. एक नमुना जसाच्या तसा देते: 'तर मग ती उठली आणि मग तिने दार उघडलं म्हणजे अर्धवटच उघडलं कारण तिला भीती वाटत होती आणि बाहेर कोणीतरी उभं होतं'. हाताने लिहिल्यावर उरलं ते असं: 'तिने दार अर्धवट उघडलं. बाहेर कुणीतरी उभं होतं.' भीती सांगावीच लागली नाही, अर्धवट दारात ती आलीच. बोलून लिहिलेल्या निवेदनाचा निम्म्याहून जास्त भाग मला असाच कापायला लागतो. मग ते आधी बोलायचंच कशाला? म्हणून आता फक्त संवाद बोलते, आणि वर्णनं वहीत पेनने.

'बोलून लिहितात का कुठं' असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांना आपल्याच गावचा दाखला पुरे. वि. स. खांडेकरांनी उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावर लेखनिकाला सांगून लेखन केलं. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, सवडीने बघून यावं. फरक एवढाच की लेखनिक थांबतो. 'पुन्हा सांगता का' म्हणतो, मागचं वाक्य वाचून दाखवतो. फोन आपल्या गप्प बसण्याचा एकच अर्थ काढतो, संपलं.

त्यातलं 'वाचून दाखवणं' मात्र फोनला जमतं, आणि माझ्या मते लिखाण सुधारायला माइकपेक्षा ही सोय जास्त उपयोगी आहे. मजकूर निवडून फोनला मराठीत वाचायला लावायचं. तो अगदी सपाट, भावना नसलेल्या आवाजात वाचतो आणि तेच बरं. आपण स्वतः वाचताना आवाजाने कमकुवत वाक्य सावरून घेतो. सपाट आवाजात ते उघडं पडतं. एकाच पानात तीनदा आलेलं 'अचानक' मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं, कानांनी लगेच पकडलं.

आता छापून येण्याचं. दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासूनची, का. र. मित्रांनी सुरू केलेली, आणि नव्या कथालेखकाला आजही सगळ्यात सोपं दार तेच. पण दिवाळी जवळ आल्यावर कथा पाठवून उपयोग नाही. मजकूर उन्हाळ्यापासून मागवायला लागतात आणि ऑगस्ट उलटला की बहुतेकांची पानं भरलेली असतात. पाठवण्याआधी मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून मागचे अंक चाळले. १८५०ची संस्था आहे, जुने अंक निवांत बघता येतात. कोण विनोदी घेतो, कोण ग्रामीण, कोणाच्या कथा किती पानांच्या, हे एका दुपारी कळतं. कथा कशी आहे याच्याइतकंच ती कुठे पाठवतो हे महत्त्वाचं.

एक कथा परत आली, आणि संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: संवाद जिवंत आहेत, निवेदन पसरट आहे. म्हणजे मी इथे एवढं पाल्हाळ लावलंय ते त्यांनी दोन ओळीत सांगितलं. दुसरी कथा एका अंकाने घेतली. मानधन बेताचं, अंक घरपोच. पण छापलेला अंक उघडला आणि कपाळाला हात लावला. माझ्या कथेतली म्हातारी घरातून निघताना म्हणते, 'मी येतो गं.' छापून आलं, 'मी येते गं.' आता कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात, मीसुद्धा घरात असंच बोलते. गंमत म्हणजे फोनने 'येतो' जसंच्या तसं लिहिलं होतं! मुद्रितशोधकाला ती चूक वाटली. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता कथेबरोबरच्या मेलमध्ये मी वर ठळक लिहिते: बोलीतली रूपं जाणूनबुजून आहेत, कृपया बदलू नयेत. आणि खाली अशा सात-आठ शब्दांची यादी देते.

फाइल युनिकोडमध्येच (फोनवर मराठी टंकतो तीच पद्धत) पाठवा, सोबत पीडीएफही जोडा. मांडणीच्या वेळी जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर झालं की 'ॲ' आणि 'ऱ्या' हमखास मोडतात. पीडीएफ असली तर मूळ काय होतं ते कळतं. शक्य असेल तर मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, बघायला मागा. सगळे देत नाहीत, पण मागायला काय जातंय.

अंकात नाव आलं की फोन सुरू होतात. मलाही एक आला: तुमचा कथासंग्रह काढू, अमुक रक्कम भरा, इतक्या प्रती तुम्हीच विकत घ्या. खर्चाच्या यादीत आयएसबीएनचीही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचीही, रक्कम होती. भारतात आयएसबीएन विनामूल्य मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, २०१६पासून अर्ज ऑनलाइन करता येतो आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. ती ओळ वाचूनच मी विषय संपवला. स्वखर्चाने पुस्तक काढू नये असं माझं म्हणणं नाही. खुशाल काढा, पण कागद, छपाई, मांडणी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच आहे, मंडळ हस्तलिखितं मागवतं आणि निवड झाली तर प्रकाशनासाठी अनुदान देतं. माझ्या कथा अजून तेवढ्या झाल्या नाहीत, झाल्या की तिथेच पाठवणार.

कवींनी मात्र या माइकच्या नादाला लागू नये. ओळ कुठे तोडायची ते त्याला सांगता येत नाही, अख्खी कविता एका दमात लिहून मोकळा होतो. माझ्या मैत्रिणीने चार दिवस वापरून काढून टाकला. ललित लिहिणाऱ्यांनी आधी निवेदनाचं वर सांगितलेलं वाचावं. एकांकिका लिहिणाऱ्यांनी डोळे झाकून वापरावा, नाटकात सगळे संवादच.