होमकमिंग कुणाचं, इलिनॉयचं की मिसूरीचं?

अमेरिकेत पानं लाल-पिवळी झाली की कॉलेजं जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा आपल्याकडे, म्हणजे ‘घरी’ बोलावतात. हेच होमकमिंग. या प्रथेच्या सुरुवातीचा मान इलिनॉय आणि मिसूरी ही दोन्ही विद्यापीठं सांगतात. इलिनॉय विद्यापीठात 1910 मध्ये दोन विद्यार्थ्यांनी ही कल्पना मांडली. शिकागो विद्यापीठाविरुद्धचा अमेरिकन फुटबॉलचा सामनाही 3-0 असा जिंकला. मिसूरीत 1911 साली क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी जुन्या विद्यार्थ्यांना हाक दिली, कॅन्ससशी सामना 3-3 असा बरोबरीत सुटला.

तारखेत इलिनॉय पुढे. माझा ओढा मात्र मिसूरीकडे. तिथली मुलं टिश्यू पेपरचे इवलेसे चौकोन बोटांनी चुरगळतात, डिंक लावून जाळीवर एकेक चिकटवतात आणि त्यातून घरापुढे अख्खा देखावा उभा राहतो. गणपतीची आरास केलेल्या हातांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. शिवाय होमकमिंगच्या निमित्तानं रक्तदान शिबिर, तेही भलंमोठं.